आल्प्समधली लाकडी खोली आणि आपला कडीपाट



बर्फातली सिनेमातली गाणी आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. यश चोप्रांच्या सिनेमात नायिका शिफॉनची साडी नेसून बर्फात उभी असते. मागे एक लाकडी घर, उतरतं छप्पर, सज्जावर लाल फुलांच्या कुंड्या. तिला थंडी कशी वाजत नाही, यावर आपलं बोलून झालंय. आज त्या मागच्या घराच्या आत जाऊ. तसल्या घरांची तिथे आता हॉटेलं झाली आहेत. त्या हॉटेलांच्या खोल्या आतून कशा असतात, लाकूड, माती, लोकर तिथे कशी वापरतात, आणि मुख्य म्हणजे का वापरतात, हे बोलायचंय.

आपल्या कार्यक्रमात हा विषय कशाला, असं वाटेल. तर सांगते. कोकणात, घाटमाथ्यावर, धरणांच्या काठावर आपल्यातले किती तरी गट आता पाहुण्यांसाठी खोल्या काढायला लागलेत. निवास-न्याहारी म्हणा, कृषी पर्यटन म्हणा. कर्ज मंजूर झालं की पहिलं काम काय होतं? वर छान सागवानी कडीपाट असतो, त्याच्याखाली पीव्हीसीचं पांढरं छत ठोकतात. सारवलेल्या जमिनीवर चकचकीत फरशी बसते. आणि भिंतीला लाकडाच्या छापाचा कागद! म्हणजे खरं लाकूड झाकायचं आणि लाकडाचं चित्र लावायचं. आल्प्सच्या लोकांनीही एके काळी असंच केलं होतं. त्यांच्या जुन्या खोल्यांच्या नक्षीदार फळ्या अख्ख्याच्या अख्ख्या उतरवून जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांना विकल्या गेल्या. काही तर शहरांतल्या संग्रहालयांत जाऊन बसल्या. आणि आता तिथे उन्हापावसानं करडी झालेली जुन्या गोठ्यांची फळी नव्या लाकडापेक्षा महाग मिळते. हॉटेलवाले ती शोधत फिरतात. न मिळाली तर नव्या फळीला घासून, वाफेनं भाजून जुनी करतात.

आल्प्स ही युरोपातली मोठी डोंगररांग. लांबी साधारण 1200 किलोमीटर. फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनी, स्लोव्हेनिया, शिवाय मोनाको आणि लिख्टेनश्टाइन हे दोन इवलेसे देश, अशा आठ देशांत ती पसरलेली. वरच्या गावांत सहा-सहा महिने बर्फ. लोक मूळचे शेतकरी आणि गुराखी. गाई पाळायच्या, उन्हाळ्यात डोंगरावर चारायला न्यायच्या, हिवाळ्यासाठी गवत साठवायचं. घर बांधायला जवळ होतं ते दोनच: दगड आणि लाकूड.

त्यातही लाकूड वाटेल तसं तोडायची मुभा नव्हती. स्वित्झर्लंडमध्ये आंदरमाट नावाचं गाव आहे. गावाच्या वर डोंगरउतारावर एक रान आहे. बर्फाचा कडा कोसळला तर तो या झाडांनी अडतो, नाहीतर गाव गाडलं जातं. म्हणून 1397 साली गावानं लेखी ठराव केला की या रानातली फांदीसुद्धा कुणी न्यायची नाही. आपल्या देवराईसारखंच, फक्त देवाच्या जागी बर्फाची भीती. तेव्हा हातात आलेली प्रत्येक फळी तिथे जपून वापरली जायची.

आता घरात शिरू. त्या शेतकरी घरात एक खास खोली असते. तिला म्हणतात श्टुबे. आपलं माजघर म्हणा हवं तर, पण काम थोडं वेगळं. अख्ख्या घरात धूर नसलेली, उबदार अशी ही एकच खोली. जमीन, भिंती, वरची तख्तपोशी, सगळं लाकडाचं. छत मुद्दाम बुटकं, म्हणजे ऊब वर जाऊन वाया जायला नको. कोपऱ्यात टेबल, भिंतीला धरून बाकडी, कोपऱ्यात वर क्रूस. आणि दुसऱ्या कोपऱ्यात भलीमोठी मातीची शेगडी, भाजलेल्या मातीच्या पोकळ फरश्यांनी मढवलेली. सकाळी एकदा, फार तर संध्याकाळी आणखी एकदा लाकडं पेटवायची. ती भट्टी तापली की तासन् तास हळूहळू ऊब सोडत राहते. तिच्याभोवतीही बाक असतो. म्हातारी माणसं, लहान लेकरं तिथे पाठ शेकत बसायची.

या शेगडीचं तोंड त्या खोलीत नसतं! ते भिंतीपलीकडे, स्वयंपाकघरात किंवा बोळात असतं. लाकडं तिकडून घालायची, राख तिकडून काढायची. म्हणून श्टुबेमध्ये धूर नाही, काजळी नाही, फळ्या मधासारख्या पिवळसर राहिलेल्या. पाव्हणे येणार, वाटाघाटी होणार, ते इथे. आणि पलीकडचं स्वयंपाकघर? ते बहुतेक ठिकाणी उघड्या चुलीचं. कित्येक घरांना धुराडंसुद्धा नसायचं. धूर छताखाली फिरायचा, त्यावर मांस टांगून सुकवायचे, आणि भिंती डांबरासारख्या काळ्या. त्या खोलीचं नावच तिकडे धुराचं स्वयंपाकघर. त्या धुरात कोण उभं असायचं ते मी सांगायला नको.

आज आल्प्समधली हॉटेलं श्टुबे अगदी अभिमानानं दाखवतात. त्या खोलीत जेवायला बसण्यासाठी लोक आधीपासून जागा राखून ठेवतात. धुराच्या स्वयंपाकघराचा फोटो मात्र जाहिरातीत क्वचितच दिसतो. मला वाटतं, या सुंदर खोलीकडे बघताना आपण बायकांनी दोन्ही खोल्या डोळ्यांसमोर ठेवायला हव्यात.

बरं, लाकडात असं काय आहे? साधी गोष्ट आहे. थंडीच्या सकाळी शहाबादी फरशीवर अनवाणी पाय ठेवा आणि मग लाकडी पाटावर ठेवा. दोन्ही एकाच खोलीत आहेत, दोन्ही सारखेच थंड आहेत. पण फरशी पायातली ऊब भसाभस ओढून घेते, लाकूड घेत नाही. लाकडाच्या आत बारीक बारीक पोकळ नळ्या असतात, त्यांत हवा कोंडलेली असते, त्यामुळे उष्णता सरकत नाही. म्हणून लाकडाच्या खोलीत कमी तापवलं तरी उबदार वाटतं. दुसरं, लाकूड हवेतला ओलावा थोडा शोषून घेतं आणि हवा कोरडी झाली की परत देतं. मात्र हे होतं ते लाकूड उघडं असेल तर. वरून जाड चकचकीत पॉलिश मारलं की ते काचेच्या बरणीत बंद केल्यासारखं होतं. म्हणूनच चांगल्या हॉटेलांत लाकडाला चकाकी नसते. फार तर तेल किंवा साबण.

कुठलं लाकूड कुठे, हेही ठरलेलं. बाहेरच्या बाजूला आणि छपराच्या फळकुटांना लार्च. त्याच्यात राळ भरपूर, पाऊस आणि बर्फ सोसतं. रंग न लावता तसंच सोडलं की काही वर्षांत चांदीसारखं करडं होतं. भिंतींच्या ओंडक्यांना स्प्रूस. आणि आतल्या फळ्यांना, पलंगाला, पेटाऱ्याला एक उंचावरचं पाइन. ऑस्ट्रियात त्याला त्सिर्बे म्हणतात. ते दीड-दोन हजार मीटर उंचीवर वाढतं, अगदी सावकाश. लाकूड मऊ, त्यात लालसर गाठी, आणि वास असा की पेटारा उघडला की खोली भरून जाते. त्या वासानं कपड्यांना कसर लागत नाही, म्हणून लोकरीचे कपडे त्यात ठेवायचे. आपल्या सुतारांनाही हे ज्ञान होतंच की. नांगराला बाभूळ, दाराला साग, पाण्यात राहायचं तिथे जांभूळ. विहिरीच्या तळाशी जांभळाचं कडं घालायचे, कारण ते पाण्यात कुजत नाही. आज फर्निचरवाल्याला विचारा, तो म्हणेल, "ताई, प्लाय घ्या, सगळीकडे चालतो."

त्सिर्बेबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. बरीच हॉटेलं जाहिरात करतात की या लाकडाच्या पलंगावर झोपलं तर हृदयाचे दिवसाला 3500 ठोके वाचतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातल्या एका संशोधन संस्थेच्या प्रयोगातून हा आकडा आला. प्रयोग मोजक्याच माणसांवर झाला होता, आणि आकडा मात्र जगभर फिरला. वास छान आहे, झोप लागत असेल, तेवढं मी मानते. पण ठोक्यांचा हिशोब सांगून कुणी दुप्पट भाडं मागितलं तर मी देणार नाही. आपणही आपल्या खोलीची जाहिरात करताना शेणाच्या जमिनीनं अमुक रोग बरा होतो वगैरे लिहू नये. खोली गार राहते, चालताना पायाला बरं वाटतं, हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

आता हॉटेलांकडे वळू. दीडशे वर्षांपूर्वी आल्प्समध्ये श्रीमंत प्रवासी यायला लागले, तेव्हा त्यांच्यासाठी बांधलेली मोठी हॉटेलं लाकडी नव्हती. ती राजवाड्यासारखी होती. पांढरा गिलावा, झुंबरं, मखमली पडदे. पाहुणा शहरातून आला म्हणजे त्याला शहरासारखंच दिलं पाहिजे, हा समज. हा समज आपल्याकडेही पक्का आहे. पुण्याचा पाहुणा आला तर त्याला पुण्यासारखी खोली. अहो, पण तो पुण्याहून निघालाच कशाला मग?

हे उलटं फिरवणाऱ्यांत एक बाई होती, तिच्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. नाव शार्लोत पेरियाँ. जन्म 1903, पॅरिस. लहानपणी सुट्टीत ती साव्वा नावाच्या डोंगराळ भागात आजीआजोबांकडे जायची. ती घराच्या आतली मांडणी, फर्निचर यांचं शिकली. 1927 मध्ये ती ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम मागायला गेली. हे तेच गृहस्थ, ज्यांनी पुढे आपलं चंदीगड शहर आखलं. इथे आम्ही उशांवर भरतकाम करत नाही, असं सांगून त्यांनी तिला परत पाठवलं. पुढे थोड्याच दिवसांत प्रदर्शनात तिचं काम पाहिलं आणि मग तिला कामावर घेतलं. तेव्हा ती लोखंडी नळ्या, काच, चकचकीत धातू यांत काम करत होती. पण डोंगर तिच्या डोक्यातून गेला नव्हता. 1940 मध्ये ती जपानला गेली, तिथे तिनं आपलीच लोखंडी आरामखुर्ची बांबूत करून पाहिली.

युद्ध संपल्यावर 1946 पासून तिनं फ्रान्सच्या आल्प्समध्ये मेरिबेल या गावी काम केलं. तिथल्या ल दोरों नावाच्या हॉटेलच्या आतली मांडणी तिची. पाइनचं जाड लाकूड, गवताच्या वेणीनं विणलेल्या बैठकीच्या खुर्च्या, आणि तिपायी बुटकी स्टुलं. ही स्टुलं तिनं शोधून काढलेली नव्हती. गुराखी दूध काढायला बसतात ती तिपायी घडवंची तिनं पाहिली, आणि तीच नीट प्रमाणात करून हॉटेलात ठेवली. तीन पायच का? जमीन खडबडीत असली तरी तीन पायांची वस्तू डुगडुगत नाही. चार पायांची डुगडुगते. गोठ्यात बसणाऱ्या माणसाला हे माहीत होतं, शहरातल्या खुर्चीवाल्याला त्याची गरजच पडली नव्हती.

पुढे 1967 पासून जवळजवळ वीस वर्षं ती लेझार्क या मोठ्या पर्यटन वसाहतीवर काम करत होती. तिथे श्रीमंतांसाठी नाही, साध्या नोकरदार कुटुंबांसाठी हजारो खोल्या करायच्या होत्या. खोल्या लहान. मग तिनं काय केलं? एक भिंत जवळजवळ सगळी खिडकी, म्हणजे डोंगर खोलीत. फर्निचर पाइनचं, साधं, भिंतीलगत. आणि स्वयंपाकाची जागा कोंडलेली नाही, खोलीतच, कमरेएवढ्या ओट्याआड. सुट्टीवर आलेल्या बाईनं भिंतीपलीकडे एकटीनं भांडी घासत बसू नये, बोलण्यात तिचाही भाग असावा, हा तिचा आग्रह. मघाचं धुराचं स्वयंपाकघर आठवा, आणि मग हा ओटा बघा.

न्हाणीघराचं मात्र तिनं वेगळंच केलं. तिथे लाकूड नाही. अख्खं न्हाणीघर पॉलिएस्टरच्या साच्यात, कारखान्यात तयार होऊन आलं आणि इमारतीत जसंच्या तसं बसवलं. डोंगरावर बांधकामाचे दिवस थोडे, बर्फ पडायच्या आत काम संपवावं लागतं, हे एक कारण. आणि पाण्याच्या जागी स्वच्छ धुता येईल असंच काही हवं, हे दुसरं. सगळं नैसर्गिकच पाहिजे असा हट्ट तिनं धरला नाही. मला ही बाई यासाठीच आवडते. आपल्या खोल्यांतही न्हाणीघराला फरशी जरूर घाला, तिथे सारवण काय कामाचं!

आता अलीकडचं एक हॉटेल. उत्तर इटलीत दक्षिण टिरोल म्हणून प्रांत आहे. तिथल्या लाना गावावरून 1912 सालापासून एक रोपवे वर डोंगरावर जातो. वर 1500 मीटर उंचीवर विजिलियुस नावाचं हॉटेल आहे, 2003 मध्ये सुरू झालेलं. पाहुण्यांच्या मोटारी तिथे जातच नाहीत, रोपवेनंच जायचं. मातेओ तुन या वास्तुकारानं ते केलं. बाहेरून लांबच लांब, बुटकं, लार्चच्या पट्ट्यांनी झाकलेलं. छतावर गवत. पट्ट्यांमधून ऊन गाळून आत येतं. खोल्या तापवायला लाकडाच्या ढलप्यांची भट्टी.

आत झोपायची जागा आणि न्हाणीघर यांच्यामध्ये एक भिंत आहे. ती कशाची असेल? मातीची. कुटून कुटून थर बसवलेल्या मातीची, आपल्या जुन्या गढ्यांच्या भिंती असतात तशी. वर गिलावा नाही, रंग नाही, मातीचे थर दिसतात. ती भिंत तापवतात आणि रात्रभर ती दोन्हीकडे ऊब देत राहते. म्हणजे जुन्या श्टुबेतल्या मातीच्या शेगडीचंच काम, फक्त नव्या रूपात. हे पंचतारांकित हॉटेल आहे. लोक मोठी रक्कम भरून त्या मातीच्या भिंतीला पाठ लावून बसतात. आणि आपल्याकडे मुलाच्या लग्नाआधी पहिलं काय करतात, तर मातीची भिंत पाडतात, कारण मुलीकडचे बघायला येणार!

मातीची भिंत पाडू नका असं मी सरसकट म्हणणार नाही. गळकं छप्पर, ओल चढलेली भिंत, त्यात विंचू, हे आपण भोगलंय. लातूरच्या 1993 च्या भूकंपात दगडमातीच्या जड भिंतींखाली आणि धाब्यांखाली माणसं गेली, हेही विसरता येत नाही. विजिलियुसमधली भिंत छपराचा भार उचलत नाही, ती आत आहे, कोरडी आहे, इंजिनिअरनं हिशोब करून घातलेली आहे. मातीचा हा उपयोग सुरक्षित आहे. भार दुसऱ्यानं घ्यावा आणि मातीनं ऊब-गारवा सांभाळावा.

लाकडाच्या आगीचं काय, हा प्रश्न बरोबर आहे. बारीक फळकुटं, पडदे, फोम हे चटकन पेटतं. जाड तुळई मात्र वरून कोळसा होत जाते, मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास, आणि तो कोळशाचा थर आतलं लाकूड काही काळ वाचवतो. त्या अवधीत माणसं बाहेर पडली पाहिजेत. म्हणून तिथे धुराची सूचना देणारी यंत्रं, बाहेर पडायचा दुसरा जिना, याला सुट्टी नाही. आपल्या माळ्यावरच्या खोलीला एकच अरुंद शिडी असेल तर तिथे पाहुणे झोपवू नका, मग कडीपाट कितीही सुंदर असो.

लोकरीबद्दल थोडं. आल्प्समधल्या मेंढ्यांची लोकर भरड असते. कातरायला जेवढी मजुरी जाते तेवढाही भाव मिळेना, म्हणून लोक ती फेकून देत. आपल्या धनगर भगिनींना हे वेगळं सांगायला नको. तिथे काही ठिकाणी आता ही लोकर धुऊन, पिंजून भिंतीच्या आणि छपराच्या आत भरतात, थंडी आणि आवाज अडवायला. गालिचे करतात. आणि त्यांचं एक जुनं कापड आहे, लोडेन. लोकर विणून मग गरम पाण्यात कुटायची, म्हणजे ती आटून घट्ट होते, पाणी सहज आत जात नाही. हॉटेलात ते पडद्यांना, बाकांच्या गाद्यांना वापरतात. घोंगडीची सख्खी मावसबहीणच म्हणा. आपल्या खोलीत पलंगाच्या पायथ्याशी चायनीज ब्लँकेटऐवजी घोंगडी ठेवा. टोचते अशी तक्रार येते, म्हणून खाली सुती चादर किंवा जुन्या नऊवारीची गोधडी द्या. दोघींची मजुरी खोलीत येईल.

ऑस्ट्रियाच्या ब्रेगेंत्सरवाल्ड या खोऱ्यातल्या कारागिरांनी तर आपल्यासारखा गटच केला, 1999 मध्ये. सुतार, लोहार, गवंडी, शिवणकाम करणारे, सगळे एकत्र. आंदेल्सबुख गावी 2013 पासून त्यांचं स्वतःचं घर आहे, तिथे सगळ्यांचं काम मांडलेलं असतं. पीटर झुमथोर या नामवंत वास्तुकारानं ते बांधलं. तो स्वतः सुताराचा मुलगा, आधी सुतारकामच शिकलेला. त्याच्या बायकोची, आनालिसाची, फार दिवसांची इच्छा होती की पूर्ण लाकडी घरात राहावं. त्यानं स्वित्झर्लंडमध्ये लाइस नावाच्या वाडीवर तशी घरं बांधली. त्यातली घरं पाहुण्यांना भाड्यानं देतात.

या ब्रेगेंत्सरवाल्डमधल्या घरांत आणि खानावळींत जमिनीला पांढऱ्या फरची फळी असते, तीही पॉलिश न केलेली. ती घासून धुवायची असते. साबणाचं पाणी, ब्रश, आणि फळीच्या रेषेनं घासत जायचं. वर्षानुवर्षं घासल्यावर ती हाडासारखी फिकट, रेशमासारखी गुळगुळीत होते. बघणाऱ्याला वाटतं, काय सुंदर लाकूड! ते सौंदर्य निम्मं झाडाचं आणि निम्मं गुडघे टेकून घासणाऱ्यांचं आहे. पूर्वी ते घरच्या बायका करायच्या, फुकट. आता हॉटेलात पगारी माणसं करतात, आणि तो पगार खोलीच्या भाड्यात धरलेला असतो.

इथे आपला हिशोब काढू. समजा एका खोलीची जमीन आठवड्यातून एकदा सारवायला, शेण-माती आणण्यापासून हात धुईपर्यंत, दोन तास लागतात. हंगाम वीस आठवड्यांचा. चाळीस तास झाले, म्हणजे आठ तासांच्या दिवसानं पाच दिवसांची मजुरी. शिवाय दोन वेळा भिंतीला पांढरी माती, शिवाय गोधड्या उन्हात घालणं. किती गटांच्या वहीत ही मजुरी लिहिलेली आहे? सिमेंट, फरशी, पंखा यांची पावती असते म्हणून ते खर्चात जातं. सारवणाची पावती नसते, म्हणून ते घरकामात जातं. मग दोन वर्षांनी सून म्हणते, आत्याबाई, फरशीच बसवा, माझ्यानं होत नाही. तिचं काय चुकलं? तिला त्या कामाचे पैसे मिळाले असते तर तिनं असं म्हटलं असतं का, हा विचार करा. वहीत एक रकाना वाढवा: सारवण आणि देखभाल. जी करील तिच्या नावानं.

शेवटी जुन्या लाकडाबद्दल दोन कामाच्या गोष्टी. आल्प्सच्या उंच गावांत आपल्यासारखी वाळवी नाही, म्हणून पाइन तिथे टिकतं. त्यांची नक्कल करून खोक्याच्या पाइनची भिंत कोकणात केलीत तर दोन पावसाळ्यांत बुरशी आणि वाळवी. तुमच्या घरात आहे तो साग, फणस, ऐन, तोच धरा. छत झाकायला मिस्त्री बोलावण्याआधी शिडी लावा आणि प्रत्येक तुळईचं टोक, जिथे ती भिंतीत शिरते तिथे, दाभणानं टोचून बघा. दाभण लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर ती तुळई बदला. टणक लागलं तर ती अजून एक पिढी जाईल. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे, आधी तिचा बंदोबस्त. मग घासून काजळी काढा आणि जवसाचं तेल पातळ हातानं लावा. कोकणात काजूच्या टरफलांचं तेल लावतात, तेही वाळवीला चांगलं, पण कातडी भाजते, हातमोजे घालाच, आणि पूर्ण सुकेपर्यंत खोलीत पाहुणे नकोत. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा एकेक पसरून बाहेर वाळवा.

आणि दारात भंगारवाला येऊन म्हणाला की मावशी, जुनं दार-खांब द्या, किलोवर घेतो, तर त्याला चहा पाजा आणि रिकामा पाठवा. तो खांब पुण्या-मुंबईच्या दुकानात नगावर विकला जातो.